मृत्युपत्र आणि वृत्तपत्र

सन १८९७ च्या ऑगस्ट महिन्याचा पहिला आठवडा पुणें शहरास फार जड गेला. प्लेगच्या पहिल्या तडाख्यांतून शहर नुकतेंच कोठें सांवरत होतें. २२ जून रोजीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली होती, आणि त्या दिवसापासून सरकारची वक्र दृष्टि मराठी वृत्तपत्रांवर खिळून राहिली होती. २७ जुलै रोजीं लोकमान्य टिळकांस मुंबईंत राजद्रोहाच्या आरोपाखालीं पकडण्यांत आलें. ४ ऑगस्ट रोजीं न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं त्यांस जामिनावर सोडलें. आणि ७ ऑगस्ट रोजीं दक्षिणेंतील पहिल्या प्रतीचे सरदार बाबा महाराज पंडित यांनीं, पुण्यांत पटकीच्या दुखण्यानें शेवटच्या घटका मोजीत असतां, मृत्युपत्र केलें. आपल्या मिळकतीची व्यवस्था जामिनावर सुटून आलेल्या ह्याच गृहस्थाच्या व आणखी कांहीं मंडळींच्या हवालीं केली. आणि त्याच दिवशीं देह ठेविला.

ह्या तीन दिवसांच्या अंतराकडे आमचें लक्ष वळविलें तें एका विद्यार्थ्यानें. हा काळ शिकवितांना १८९७ आणि १९०८ चे खटले आम्ही सविस्तर सांगत असूं. ताई महाराज प्रकरण मात्र टिळकांच्या मागें लागलेलें एक शुक्लकाष्ठ म्हणून दोन वाक्यांत आटोपीत असूं. "ज्या माणसावर राजद्रोहाचा आरोप होता, त्याला न्यायालयानें दुसऱ्याची मिळकत कशी सांभाळूं दिली?" असा प्रश्न त्या मुलानें केला, आणि आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतें. पुढें दोनही प्रकरणांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून वाचला, तेव्हां असें दिसून आलें कीं, मृत्युपत्राचा कायदा व वृत्तपत्राचा कायदा हे वरवर पाहतां कितीही दूरचे वाटले तरी दोहोंपुढें कोडें एकच असतें. मनुष्य कांहीं तरी लिहून ठेवतो. लिहिणाऱ्याचा अर्थ एक असतो, वाचणारा त्यांतून दुसराच काढतो. अशा वेळीं त्या शब्दांचा अर्थ कोणीं ठरवावयाचा, आणि कोणाच्या बाजूनें? मृताच्या शब्दास त्या काळच्या न्यायालयांनीं जो मान दिला तो जिवंत संपादकाच्या शब्दास दिला नाहीं, आणि मृतास दिलेल्या त्या मानाची किंमत एका तरुण विधवेस भरावी लागली, असें आमचें मत झालें आहे. तें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेख.

मृत्युपत्र ही वस्तु मूळची आपली नव्हे. धर्मशास्त्रांत दाय आहे, विभाग आहे, दान आहे, दत्तक आहे; परंतु मेल्यानंतर अमलांत यावयाचें दान स्मृतिकारांनीं कल्पिलेलें दिसत नाहीं. इंग्रजी अमदानींत, विशेषतः कलकत्त्यासारख्या शहरांत, ही चाल रुजली आणि न्यायालयांनीं तिला हळूहळू मान्यता दिली. तिच्या सीमा आंखल्या गेल्या त्या प्रसिद्ध टागोर खटल्यांत. प्रसन्नकुमार टागोर हे स्वतः नामांकित कायदेपंडित. त्यांचे चिरंजीव ज्ञानेंद्रमोहन यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, म्हणून पित्यानें त्यांस वगळून अफाट मिळकत इंग्रज उमरावांच्या थाटानें पिढ्यान्‌पिढ्या ठराविक पुरुषवंशांत चालावी अशी व्यवस्था लिहून ठेविली. १८७२ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला कीं, हिंदु मनुष्यास मृत्युपत्र करतां येईल. परंतु जो आपल्या मृत्यूच्या वेळीं अस्तित्वांतच नाहीं त्यास कांहीं देतां येणार नाहीं, आणि हिंदु कायद्यास अपरिचित असा नवा वारसाक्रमही निर्माण करतां येणार नाहीं. न जन्मलेल्यांस देण्याची ही बंदी १९१६ च्या कायद्यानें पुष्कळशी सैल केली. आमच्या इलाख्यांतील एका खटल्यांत १८८० सालीं त्याच कौन्सिलनें दुसरी मर्यादा घातली: एकत्र कुटुंबाची वडिलार्जित मिळकत बापास मृत्युपत्रानें आपल्या मर्जीप्रमाणें वाटतां येत नाहीं, कारण डोळे मिटतांच त्याचा हक्क मागें राहिलेल्या सहदायादांकडे गेलेला असतो.

ह्या सीमांच्या आंत मात्र मृताची इच्छा सार्वभौम होती. १८७० चा हिंदु मृत्युपत्रांचा कायदा बंगालकडे व मुंबई आणि मद्रास ह्या शहरांपुरता लागू होता. पुणें त्याच्या बाहेर. त्यामुळें पुण्यांतल्या मृत्युपत्रास दोन साक्षीदारांची सही पाहिजे असा कायदेशीर दंडक नव्हता; तोंडी मृत्युपत्रही चाले, आणि १ जानेवारी १९२७ पर्यंत ही स्थिति कायम होती. मृत्युपत्राचा अर्थ लावतांना पारिभाषिक शब्दांचा आग्रह धरूं नये, इच्छा कळली म्हणजे पुरे, असें कायदा सांगे. इंग्लंडांतील एका न्यायाधीशांनीं तर १८८० सालीं असें म्हटलें कीं, न्यायालयानें मृत्युपत्र करणाराच्या आरामखुर्चींत जाऊन बसावें आणि तेथून जग कसें दिसत होतें तें पाहून मग त्याचे शब्द वाचावे. पुढें तो दंडकच होऊन बसला. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तरही येथेंच होतें. कारभारी कोण असावा हें मृतानें ठरवावयाचें. १८८१ च्या प्रोबेटच्या कायद्याप्रमाणें अल्पवयी आणि वेडा यांस तेवढें प्रोबेट मिळत नसे. राजद्रोहाचा आरोपी त्यांत बसत नव्हता.

आतां त्या खुर्चींत बसून बाबा महाराजांचें मृत्युपत्र पाहूं. मिळकत मोठी, पण कर्जानें वांकलेली. पत्नी ताई महाराज वयानें फारच लहान आणि गरोदर. व्यवस्थापकांत टिळक, उमरावतीचे दादासाहेब खापर्डे प्रभृति विश्वासू गृहस्थ. मृत्युपत्राची मुख्य अट अशी कीं, मुलगा न झाल्यास, किंवा होऊन न जगल्यास, पत्नीनें व्यवस्थापकांच्या संमतीनें शास्त्रोक्त दत्तक घ्यावा. मुलगा झाला, आणि थोड्याच दिवसांत गेला. ही अट किती भारी होती हें कळण्यास महाराष्ट्रांतील रिवाज ठाऊक पाहिजे. बंगालकडे नवऱ्याच्या स्पष्ट अनुज्ञेवांचून विधवेस दत्तक घेतां येत नसे. उलट आमच्या इलाख्यांत, विभक्त नवऱ्याच्या विधवेस, त्यानें मनाई केली नसेल तर, कोणासही न विचारतां दत्तक घेण्याची मुभा न्यायालयांनीं मान्य केलेली होती. म्हणजे मृत्युपत्र नसतें तर ताई महाराज स्वतंत्र होत्या. मृत्युपत्रामुळें त्या पांच परक्या पुरुषांच्या संमतीस बांधल्या गेल्या.

१९०१ च्या जून महिन्यांत टिळक, खापर्डे व ताई महाराज ही मंडळी निजामच्या राज्यांतील औरंगाबादेस गेलीं. पंडित घराण्याची निधोणेंकर शाखा तिकडची. तेथें २८ जून रोजीं जगन्नाथ नांवाच्या मुलाचें दत्तविधान झालें, असें टिळकपक्षाचें म्हणणें. पुण्यास परत आल्यावर ताई महाराजांचा विचार फिरला. औरंगाबादेस दत्तक झालाच नाहीं असें त्या म्हणूं लागल्या. जुलै अखेर त्यांनीं प्रोबेट रद्द करावें म्हणून पुण्याच्या जिल्हा न्यायालयांत अर्ज केला, आणि ऑगस्टमध्यें कोल्हापूर शाखेंतील बाळा महाराज यांस दत्तक घेतलें. पुढें काय झालें तें महाराष्ट्रास ठाऊक आहे. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनीं १९०२ च्या एप्रिलांत प्रोबेट तर रद्द केलेंच, पण उलट टिळकांवर फौजदारी करण्याचा हुकूम दिला. खोट्या साक्षीबद्दल १९०३ च्या ऑगस्टमध्यें त्यांस दीड वर्षाची सक्तमजुरी व १००० रुपये दंड झाला. अपिलांत ती शिक्षा सहा महिन्यांवर आली. आणि १९०४ च्या मार्च महिन्यांत मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या पुढें ती समूळ रद्द झाली. दिवाणी दावा निराळाच चालला होता. १९०६ सालीं पुण्याच्या न्यायाधीशांनीं जगन्नाथाचें दत्तविधान खरें ठरविलें. १९१० सालीं न्यायमूर्ति चंदावरकर व हीटन यांनीं तें फिरविलें, त्या वेळीं टिळक मंडालेच्या तुरुंगांत होते. आणि २६ मार्च १९१५ रोजीं प्रिव्ही कौन्सिलनें जगन्नाथाचेंच दत्तविधान कायम केलें. ज्या प्रतिष्ठित साक्षीदारांवर हायकोर्टानें कटाचा व खोट्या साक्षीचा ठपका ठेविला, त्यांस उलटतपासणींत तसें स्पष्ट विचारलेंच गेलें नव्हतें, ह्या मुद्यावर कौन्सिलनें कडक ताशेरे झाडले. आणि हा भाग वकीलमंडळी अजूनही उद्धृत करतात.

हा सर्व इतिहास आपल्याकडे टिळकांच्या चिकाटीची कथा म्हणून सांगितला जातो. ती चिकाटी खरीच होती. मित्रास दिलेल्या वचनासाठीं चौदा वर्षें झगडणारा दुसरा पुरुष दाखवितां येणें कठीण. तथापि ताई महाराजांच्या बाजूनें आपण क्वचितच पाहिलें आहे. दत्तक घेतांच विधवेचा मिळकतीवरील हक्क संपुष्टांत येई, आणि तिच्या वांट्यास अन्नवस्त्र राही, असा त्या वेळचा कायदा. म्हणून दत्तक निवडणें म्हणजे वंशाचें नांव चालविण्याइतकेंच, आपलें उर्वरित आयुष्य कोणाच्या ओसरीवर काढावयाचें हें ठरविणें होतें. औरंगाबादचा मुलगा असो कीं कोल्हापूरचा, तिला सल्ला देणारे सर्व पुरुष, आणि प्रत्येकाच्या सल्ल्यामागें कोणती ना कोणती मसलत. तिनें शब्द फिरविला हें प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानंतर नाकारतां येणार नाहीं. पण न्यायालयानें बाबा महाराजांच्या खुर्चींत बसून जग पाहिलें. ताई महाराजांच्या जाजमावर बसण्याचा प्रश्न कायद्यापुढें उद्भवतच नव्हता.

आतां दुसरीकडे वळूं. १८९७ च्या खटल्यास कारण झालेला मजकूर १५ जूनच्या केसरींतला होता: शिवाजी उत्सवांतील भाषणांचा वृत्तांत आणि शिवाजीमहाराजांच्या तोंडीं घातलेली एक कविता. सप्टेंबरमध्यें न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ज्यूरीस कायदा समजावून दिला. १२४ अ ह्या कलमांत जो मूळ इंग्रजी शब्द आहे, ज्यास आपण अप्रीति म्हणतों, त्याचा अर्थ त्यांनीं प्रीतीचा अभाव असा केला. ती कमी असो वा जास्त, तिच्यामुळें दंगा होवो वा न होवो, गुन्हा तोच. लेखकाचा हेतु त्याच्या शब्दांवरून, आणि तो शब्द कोणत्या वेळीं कोणत्या वाचकांपुढें पडला त्यावरून ताडावयाचा. नऊ ज्यूरर, त्यांतले सहा युरोपियन दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोषी म्हणाले. मराठी मजकूर इंग्रजी भाषांतरांतून तोलला गेला. दीड वर्षाची सक्तमजुरी. प्रिव्ही कौन्सिलनें अपिलास परवानगीच दिली नाहीं.

मृत्युपत्रास लावलेली फूटपट्टी येथें कां लागली नाहीं? संपादकाच्या खुर्चींत जाऊन बसावें, त्याच्या पत्राच्या मागील पंधरा वर्षांच्या फायली चाळाव्या, त्याच्या भाषेच्या वळणानें तिचा अर्थ करावा, असें न्यायालयास कां वाटलें नाहीं? उत्तर सोपें आहे, पण सुखकर नाहीं. मृताच्या इच्छेनें राज्यास धोका पोंचत नाहीं. मालमत्ता एका हातांतून दुसऱ्या हातांत शिस्तीनें जावी ह्यांत सरकारचें हितच होतें; लोकांचें मन मात्र सरकारच्या हातून निसटतां कामा नये. १८९८ सालीं कायदेमंडळानें कलम दुरुस्त केलें. द्वेष व तिरस्कार हे शब्द त्यांत घातले, अप्रीतींत शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात असें स्पष्टीकरण जोडलें, आणि न्यायमूर्ति स्ट्रॅची यांच्या व्याख्येवर कायद्याचा शिक्काच मारला असें म्हणण्यास हरकत नाहीं. निकालानें कायदा घडावा आणि कायद्यानें पुढचा निकाल घडावा, ह्याचें इतकें उघड उदाहरण विरळा.

१९०८ चा खटला इतका परिचित आहे कीं त्यावर आम्ही थांबत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, टिळकांनीं वीस तासांहून अधिक वेळ जें भाषण केलें त्याचा बराच भाग भाषांतरावर होता. मराठी शब्दाची छटा इंग्रजींत कशी बदलली हें ते मराठी न समजणाऱ्या ज्यूरीस समजावून देत होते. न्यायमूर्ति दावर हे १८९७ सालीं त्यांच्याच जामिनासाठीं बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते, हा योगायोगही विलक्षण. पुढें १९१६ सालीं भाषणांबद्दल त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा मुचलका व प्रत्येकीं १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले गेले, तेव्हां मात्र न्यायमूर्ति बॅचलर व शहा यांनीं भाषणें समग्र वाचून तो हुकूम रद्द केला. वक्त्याच्या जवळपास जाऊन त्याचे शब्द वाचण्याची तयारी ह्या खेपेस तरी दिसली.

त्यापुढील कथा थोडक्यांत अशी. १९४२ सालीं फेडरल कोर्टानें म्हटलें कीं, अव्यवस्था माजविण्याचा हेतु किंवा संभव असल्यावांचून राजद्रोह होत नाहीं. १९४७ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें मुंबईच्या एका खटल्यांत तें मत पुसून टाकून टिळकांच्या खटल्यांतील जुनीच व्याख्या पुनः बसविली. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं सुप्रीम कोर्टानें मुंबईच्या एका साप्ताहिकावरील मद्रास सरकारची बंदी घटनाबाह्य ठरविली. लगेच १९५१ सालीं पार्लमेंटानें घटनाच दुरुस्त करून सार्वजनिक सुव्यवस्था हें नवें कारण घातलें. १९६२ सालीं केदारनाथ खटल्यांत राजद्रोहाचें कलम टिकलें, पण १९४२ च्या अर्थानें. ११ मे २०२२ रोजीं सुप्रीम कोर्टानें त्याचा अंमल स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. राजद्रोह हा शब्द गेला, पण देशाच्या एकात्मतेस धोका आणणाऱ्या कृत्यांचें १५२ वें कलम आलें व त्यांत जन्मठेपही आहे. शब्द बदलले, अर्थ कोण करणार हा प्रश्न तेथेंच.

मृत्युपत्राकडे मात्र कायद्यानें अधिक मोठी मजल मारली. १९३७ सालीं विधवेस मर्यादित कां होईना पण वांटा मिळाला. १९५६ सालीं तो मर्यादितपणाही गेला. त्याच वर्षींच्या दत्तकाच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, एकदां कोणाकडे आलेली मिळकत दत्तकामुळें त्याच्याकडून जाणार नाहीं. ताई महाराजांस हवें होतें तें नेमकें हेंच. परंतु ह्याच १९५६ सालच्या वारसा कायद्यानें एकत्र कुटुंबांतील आपल्या हिश्शाचें मृत्युपत्र करण्याची मोकळीक प्रथमच दिली. पुढें २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतः सहदायाद झाली, व २०२० सालीं सुप्रीम कोर्टानें त्या दुरुस्तीच्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं हेंही सांगितलें. आणि तेव्हांपासून आमच्या वर्गांतल्या सुशिक्षित घरांतून मृत्युपत्रें करण्याची जी घाई दिसूं लागली आहे, तिच्या मुळाशीं पुष्कळदां मुलीस तिच्या वांट्याबाहेर ठेवण्याचा हेतु असतो, हें वाचकांपैकीं कित्येकांस खासगींत कबूल करावें लागेल. बाबा महाराजांच्या खुर्चींत बसणारे आपल्यांत अजून आहेत.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि तींत ही दोनही पत्रें एकत्र येतात. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांचें हिंदी अशांततेवरचें पुस्तक १९१० सालीं निघालें. त्यांत टिळकांवर केलेल्या आरोपांत ताई महाराज प्रकरणही होतें. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल हातीं आल्यावर टिळकांनीं चिरोल व त्यांचे प्रकाशक यांजवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. ह्या कायद्याचा एक चमत्कार येथें सांगण्यासारखा आहे. आपल्या जुन्या दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमानें, आप्तांच्या भावना दुखविण्याच्या हेतूनें केलेली मृताचीही बेअब्रू गुन्हा ठरविली होती, व नव्या संहितेच्या ३५६ व्या कलमांतही ती तशीच आहे. म्हणजे छापील शब्दापासून मृतास येथेंही संरक्षण. टिळक जिवंत होते, आणि दावा लंडनांत होता. २९ जानेवारी १९१९ पासून न्यायमूर्ति डार्लिंग यांच्यापुढें तो चालला. सहा आरोपांपैकीं एक ताई महाराजांचा. टिळकांतर्फे सर जॉन सायमन, उलट बाजूस सर एडवर्ड कार्सन. ज्या प्रकरणांत चार वर्षांपूर्वींच साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठानें टिळकांस व त्यांच्या साक्षीदारांस निष्कलंक ठरविलें होतें, तेंच प्रकरण पुनः एका इंग्रज ज्यूरीपुढें उकरलें गेलें, आणि २१ फेब्रुवारी रोजीं ज्यूरीनें चिरोल यांच्या बाजूनें निकाल दिला. पुण्यांत बाबा महाराजांच्या मिळकतीचे कायदेशीर मालक जगन्नाथ महाराजच राहिले. खटल्याच्या खर्चासाठीं मात्र महाराष्ट्रास वर्गणी गोळा करावी लागली.